‘आणि त्यांचें काय ?’
(गांवकऱ्यांच्या सभेंत झालेलें भाषण)



ऊंसतोडीचे दिवस आहेत. दिवसभर फडांत राबून तुम्ही रात्रीं येथें चावडीपुढें जमलां आहां, तेव्हां लांबण लावून तुमची झोंप मोडण्याचा आमचा विचार नाहीं. एकच गोष्ट सांगायची आहे. ती आम्हांला स्वतःला फार उशिरां कळली, आणि कळेपर्यंत आम्ही पुष्कळ वेळां फसलों व दुसऱ्यांनाही फसविलें, हें आधींच कबूल करतों.

दोन वर्षांपूर्वीं एका सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला आम्ही गेलों होतों. मंडपांत हजारभर सभासद. अहवाल वाचून झाला, ‘मंजूर, मंजूर’ म्हणून हात वर झाले, आणि इतक्यांत मागच्या रांगेंतून एक म्हातारा सभासद उठला. डोक्याला मुंडासें, हातांत कागदाच्या दोन चिठोऱ्या. तो म्हणाला, “साहेब, माझी ट्रॉली बाहेरच्या कांट्यावर घातली तेव्हां एक वजन आलें. तीच ट्रॉली दोन तासांनीं तुमच्या कांट्यावर घातली तेव्हां दुसरें वजन आलें. फरक दीड टनाचा. ह्या दोन्ही पावत्या. एवढा ऊंस वाटेंत खाल्ला कोणी ?” (हंशा.)

तुम्ही हंसलांत, तसे तेथलेही लोक हंसले. मग व्यासपीठावरून जबाब आला. जबाब कसला, उलटा सवालच आला ! “तात्या, मागचें संचालक मंडळ होतें तेव्हां तुम्ही कोठें होतां ? त्यांच्या वेळीं तर खेपेला तीन-तीन टन जात होते. तेव्हां तुमच्या तोंडाला कुलूप होतें काय ? आणि तुमच्या मोळींत पाचट किती असतें, तें सांगूं काय सगळ्यांना ?” मंडपांत टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारा मटकन् खालीं बसला. पुढचा ठराव पुकारला गेला.

टाळ्या वाजविणारांत आम्हीही होतों. काय झणझणीत बोलला, म्हणून आम्हांलाही मौज वाटली. परत येतांना एस. टी. त बसलों, गार वारा लागला, तेव्हां डोकें ठिकाणावर आलें. मागचें मंडळ चोर असेल. म्हाताऱ्याच्या मोळींत पाचटही असेल. पण त्यानें विचारलें होतें तें एवढेंच कीं, कांटा बरोबर आहे कीं नाहीं. आणि तेवढें सोडून बाकी सर्व गोष्टींचा खुलासा त्या सभेंत झाला. कांट्यावर एक प्रमाणित वजन ठेवून पाहायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास वांचविण्यासाठीं एका भल्या माणसाला हजार लोकांत खालीं बसविलें, आणि बसवायला आमच्या टाळ्या उपयोगीं पडल्या.

ह्या युक्तीला इंग्रजींत एक नांव आहे. उत्तर आयर्लंडांत कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यांत खुनाखुनी चालली होती. एका पक्षाच्या बाँबनें माणसें मेलीं आणि त्याचा कोणी निषेध केला, कीं लगेच दुसरा कोणी म्हणे, “आणि त्यांनीं मागें केलें त्याचें काय ?” १९७४ च्या जानेवारींत डब्लिनच्या ‘आयरिश टाइम्स’ पत्रांत एका वाचकाचें पत्र छापून आलें. तो इतिहासाचा शिक्षक होता. त्यानें अशा लोकांचें नांवच ‘त्याचें-काय-वाले’ असें ठेवून दिलें. तेथून इंग्रजींत ‘व्हॉटअबाउटरी’ आणि पुढें ‘व्हॉटअबाउटिझम’ हा शब्द रुळला. आपण त्याला उलट सवाल म्हणूं.

कोणी म्हणेल, ह्याला नवें नांव कशाला हवें ? आमच्यांत ‘चोराच्या उलट्या बोंबा’ अशी म्हण आहेच. आहे, पण ती येथें पुरत नाहीं. उलट्या बोंबेंत चोर खोटें बोलतो, सावाला चोर म्हणतो. उलट सवालवाला पुष्कळदां अगदीं खरें बोलतो. मागच्या मंडळानें तीन टन खाल्ले असतील, आणि तसा पुरावाही त्याच्या खिशांत असेल. खोटें असतें तर पकडतां आलें असतें. तें खरें असतें म्हणूनच आपली जीभ टाळूला चिकटते. सुताराला म्हणावें, बाबा, तूं बसविलेलें चाक डुगडुगतें. आणि त्यानें म्हणावें, कुंभाराचीं मडकीं फुटतात त्याचें काय? मडकीं फुटतातच. पण गाडी तेथेंच राहिली ना ?

हा खेळ केवढ्या मोठ्या माणसांनीं केवढ्या मोठ्या गोष्टींत खेळला आहे, त्याची एक हकीकत सांगतों. ती आपल्याच देशांतली आहे.

कॅथरीन मेयो नांवाची एक अमेरिकन बाई १९२५-२६ च्या हिंवाळ्यांत हिंदुस्थानांत येऊन कांहीं महिने हिंडली. १९२७ सालीं तिनें ‘मदर इंडिया’ नांवाचें पुस्तक काढलें. आठ-दहा वर्षांच्या मुलींचीं लग्नें, बारा-तेरा वर्षांच्या पोरींचीं बाळंतपणें, कळकट खोलींत सुईणीच्या हातून मरणाऱ्या बाया, विधवांचे हाल, अस्पृश्यांचे हाल, हें सारें तिनें त्यांत भरलें. कांहीं गोष्टी फुगविल्या, एका ठिकाणचें उचलून साऱ्या देशाला चिकटविलें. पण पुष्कळसें खरें होतें. मात्र बाईचा रोंख त्या मुलींवर नव्हता. तिचें म्हणणें हें कीं, जे लोक आपल्या पोरींची अशी दशा करतात, ते स्वराज्याला लायक नाहींत. तेव्हां इंग्रजांनींच राज्य करावें. ह्याच्या आधीं, १९२५ सालीं, तिनें फिलिपाइन्स बेटांवर असेंच एक पुस्तक लिहून तेथल्या लोकांच्या स्वातंत्र्यालाही आडवा हात घातला होता. हिंदुस्थानांत तिला इंग्रज अधिकाऱ्यांची आंतून मदत होती, हेंही पुढें इतिहासकारांनीं कागदपत्रांवरून दाखविलें.

म्हणजे पाहा, पहिला उलट सवाल मेयोबाईचाच होता. हिंदुस्थान म्हणाला, “आमचें राज्य आम्हांला द्या.” त्यावर बाई म्हणाली, “आणि तुमच्या मुलींचें काय ?” आतां त्या मुलींसाठीं सरकारनें काय केलें होतें ? १८६० च्या पीनल कोडांत संमतिवय दहा वर्षांचें होतें. कलकत्त्यास फुलमणी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनें मेली. १८९० सालीं खटला झाला, आणि तिचें वय दहाच्या वर गेलेलें म्हणून मोठा गुन्हा लागूच होईना. नवरा एका वर्षाच्या सक्तमजुरीवर सुटला. त्यानंतर १८९१ सालीं तें वय बाराचें केलें, आणि तेराचें व्हायला १९२५ साल उजाडलें. इंग्रजांनीं ह्या मुलींची एवढीच काळजी वाहिली होती. पण स्वराज्य मागायला कोणी आला कीं त्यांना ह्या मुली आठवत.

आणि आमच्याकडचे ? १८९१ च्या त्या कायद्याला पुण्यांत टिळकांच्या ‘केसरी’नें कडाडून विरोध केला. परक्या सरकारनें आमच्या घरांत हात घालूं नये, सुधारणा आमची आम्ही करूं, असें म्हणणें होतें. चार वर्षांनीं, १८९५ सालीं, पुण्यासच राष्ट्रीय सभा भरली, तेव्हां सामाजिक परिषदेला त्या मंडपांत बसूं देऊं नये म्हणून एवढी दांडगाई झाली कीं, न्यायमूर्ति रानड्यांना परिषद दुसरीकडे न्यावी लागली. मुलींचें काढलें कीं हे म्हणत, आधीं परक्या राज्याचें काय तें बोला. राज्याचें काढलें कीं ते म्हणत, आधीं मुलींचें काय तें बोला. दोघांचेही सवाल खरे, आणि दोघांच्या मध्यें ती मुलगी परकर सांवरीत उभी.

‘मदर इंडिया’ निघतांच देशांत आग्या मोहोळ उठलें. जबाबांचीं पुस्तकें निघालीं. रंगा अय्यर यांनीं त्याच वर्षीं ‘फादर इंडिया’ लिहिलें. लाला लजपतरायांनीं १९२८ सालीं ‘अनहॅपी इंडिया’ लिहिलें. लाहोरचे कन्हैयालाल गौबा यांनीं १९२९ सालीं ‘अंकल शॅम’ काढलें; त्यांत अमेरिकेचीं सारीं लफडीं, व्यभिचार, गुन्हेगारी यांची यादीच मांडली. मेयोबाईनें आमचीं गटारें उघडलीं काय ? मग हीं घ्या तुमचीं !

लालाजींविषयीं मात्र जपून बोललें पाहिजे. ते अमेरिकेंत कित्येक वर्षें राहिले होते. तेथें काळ्या माणसांना जमाव झाडाला टांगून, जाळून मारतो, ह्याला ‘लिंचिंग’ म्हणतात, हें त्यांना चांगलें ठाऊक होतें, आणि तें त्यांनीं पुस्तकांत मांडलें. तें खोटें नव्हतें. अमेरिकेंतल्याच टस्कीगी विद्यालयानें मोजदाद ठेवली, तींत १८८२ पासून १९६८ पर्यंत असे ४,७४३ बळी नोंदले आहेत, आणि त्यांतले ३,४४६ काळे. ह्याविरुद्ध कायदा करण्याचा ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधि-सभेंत १९२२ सालीं मंजूर झाला, तो वरच्या सभेनें अडविला. आणि देशाला तसा कायदा मिळायला २०२२ साल उजाडावें लागलें. बरोबर शंभर वर्षें ! आणि लालाजी स्वतः अस्पृश्यतेविरुद्ध झटणारे गृहस्थ होते. आपल्या घरांतली घाण त्यांना दिसत नव्हती असें नाहीं.

पण आतां हीं पुस्तकें एका बाजूला ठेवा, आणि दोन माणसें डोळ्यांपुढें आणा. एक बारा वर्षांची बाळंतीण, आपल्या देशांतली. दुसरा दोरीला लटकणारा तरुण, अमेरिकेंतला. मेयोबाईनें त्या बाळंतिणीला उचललें आणि स्वराज्य मागणारांच्या डोक्यांत घातलें. उत्तर देणारांनीं त्या तरुणाला उचललें आणि मेयोबाईच्या डोक्यांत घातलें. दोघांनाही दगडासारखें वापरलें. त्या भांडणानें बाळंतिणीचा एक दिवस वांचला नाहीं, कीं त्या तरुणाच्या गळ्यांतली दोरी ढिली झाली नाहीं.

गांधींनीं ‘यंग इंडिया’ पत्रांत १५ सप्टेंबर १९२७ रोजीं ह्या पुस्तकावर लिहिलें. ह्या बाईचें लिहिणें म्हणजे गटारें तपासायला नेमलेल्या इन्स्पेक्टरचा रिपोर्ट आहे, अशी त्यांनीं तिची चांगलीच हजेरी घेतली. पण त्याच लेखांत त्यांनीं हेंही लिहिलें कीं, हें पुस्तक हिंदी माणसानें वाचण्यासारखें आहे. आरोपाची मांडणी झिडकारा, पण त्याच्या बुडाशीं असलेलें सत्य झिडकारूं नका. गांधींशीं आमचे मतभेद पुष्कळ आहेत. ही गोष्ट मात्र त्यांनीं नीट सांगितली.

त्याहून नीट केली ती बायांनीं. त्याच १९२७ च्या जानेवारींत पुण्यास अखिल हिंदी महिला परिषदेची पहिली बैठक झाली होती. पुस्तक निघाल्यावर बायांच्या संस्थांनीं मेयोबाईचा निषेधही केला, आणि त्याच तोंडानें बालविवाहाविरुद्ध कायदाही मागितला. ‘अमेरिकेंत काय चालतें’ हें त्यांना विचारायचें नव्हतें. आमच्या मुली मरतात, हें त्यांना ठाऊक होतें. हरबिलास सारडा यांचें बिल कायदेमंडळांत होतेंच. वऱ्हाडचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें कमिटी नेमली. ती देशभर फिरली, साक्षी घेतल्या. शेवटीं १९२९ च्या सप्टेंबरांत सारडा कायदा मंजूर झाला: मुलीचें वय चौदा, मुलाचें अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. त्या मधल्या सहा महिन्यांत लोकांनीं घाईघाईनें पाळण्यांतल्या पोरांचींसुद्धां लग्नें उरकून घेतलीं, आणि पुढें सरकारनें कायदा बहुतेक कागदावरच ठेवला. पण एक पाय पुढें पडला, आणि तो ज्यांनीं टाकला त्यांनीं उलट सवालाला भीक घातली नाहीं.

ही जुनी गोष्ट झाली, असें समजूं नका. आज मुलीच्या लग्नाचें वय कायद्यानें अठरा आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकीं शंभरांत जवळ जवळ बावीस जणींचें लग्न अठरा पुरण्याआधीं झालेलें निघालें. उद्यां सकाळीं फडांत जाल तेव्हां मोळ्या बांधणाऱ्या टोळींत पाहा. पोटाशीं पोर बांधलेली जी दिसते ती बाई कीं पोरगी, हें एकदां नीट न्याहाळून पाहा. आणि हें कोणी बोललें, कीं लगेच आपल्यांतलाच कोणी म्हणतो, “अमक्या धर्मांत काय चालतें तें आधीं बघा कीं !” बघूं ना. तेथलीही मुलगी मुलगीच आहे. पण त्या बघण्यानें ही पोरगी शाळेंत परत कशी जाणार ?

आतां शेतकऱ्याच्या काळजाला भिडेल अशी दुसरी गोष्ट. ती रशियांतली.

१९३१ च्या मार्चांत अमेरिकेंतल्या अलाबामा प्रांतांत नऊ काळ्या पोरांना आगगाडींतून उतरवून पकडलें. गोऱ्या बायांवर बलात्कार केल्याचा आळ. आळ खोटा होता. दोन-तीन आठवड्यांत खटले उरकून आठ जणांना फांशी सुनावली. स्कॉट्सबरो गांवचा हा खटला म्हणून साऱ्या जगांत गाजला. सोव्हिएट रशियानें त्या पोरांसाठीं सभा भरविल्या, मोठमोठीं चित्रें छापलीं. अमेरिकेंतल्या कम्युनिस्टांनीं वकील दिले, आणि त्यांच्या धडपडीनें ते प्राण वांचले, हें मान्य केलें पाहिजे. तेवढें काम खरें होतें.

पण त्याच दिवसांत रशियाच्या स्वतःच्या घरांत काय चाललें होतें ? १९३२-३३ सालीं युक्रेनच्या शेतकऱ्यांच्या घरांतून सरकारी टोळ्यांनीं धान्य खणून काढलें. कणगी फोडल्या, चुली उकरल्या, बियाणेंसुद्धां नेलें. ७ ऑगस्ट १९३२ रोजीं असा हुकूम निघाला कीं, सामुदायिक शेतांतला माल कोणी चोरला तर गोळी घालावी, फार तर दया करून दहा वर्षांची कैद द्यावी. कापणी झालेल्या रानांत पडलेलीं कणसें वेंचणाऱ्या बायापोरांनाही तो लागू झाला. आपल्याकडे सर्वा वेंचायला कोणी आडकाठी करीत नाहीं; पाखरांचा आणि गरिबांचा तो हक्कच. तेथें पांच कणसांचा कायदा म्हणून लोक त्याला ओळखूं लागले. लाखों शेतकरी कुटुंबें अन्नाविना मेलीं, आणि धान्य परदेशीं विकायला जातच होतें. सरकारनें दुष्काळ आहे हें कबूलच केलें नाहीं. तें कबूल व्हायला पन्नासाहून अधिक वर्षें गेलीं.

बाहेरच्यांनीं कांहीं विचारलें, कीं ठरलेलें उत्तर: “आणि तुम्ही काळ्यांना टांगतां त्याचें काय ?” हें इतकें झालें कीं, रशियन लोकांनींच त्याची थट्टा सुरू केली. कोणी विचारतो, आमच्या इंजिनियरला पगार किती मिळतो ? उत्तर देणारा बराच वेळ गप्प बसतो, आणि मग म्हणतो, पण अमेरिकेंत काळ्यांना टांगतात ! (हंशा.) १९८६ च्या एप्रिलांत चेर्नोबिलचा अणु-कारखाना फुटला. दोन दिवस सरकार मुकाट राहिलें, मग चार ओळींची बातमी दिली. आणि तिच्या पाठोपाठ सरकारी वृत्तसंस्थेनें १९७९ सालीं अमेरिकेंत झालेल्या अशाच अपघाताची आठवण करून दिली. जवळच्या गांवांतल्या लोकांना गुरांचें दूध पाजावें कीं नाहीं, ही माहिती पाहिजे होती.

आतां आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो यावा. कोणी म्हणेल, म्हणजे समोरच्याचा दुटप्पीपणा दाखवायचाच नाहीं काय ? आपण हंसे लोकांना आणि शेंबूड आपल्या नाकाला, असा जो आहे त्याला नाक पुसायला सांगायचें नाहीं ? सांगायचें तर ! आमच्या वाडवडिलांनीं आयुष्यभर दुसरें केलें काय ? इंग्रजाकडे समान हक्क मागणाऱ्याला त्यांनीं विचारलें, तूं आपल्या गड्याला ओट्यावर बसूं देतोस काय ? हाही उलट सवालच होता. मग फरक कोठें ?

फरक असा. एक माणूस दुसऱ्या अन्यायाचें नांव घेतो तें पहिला झांकण्यासाठीं. दुसरा माणूस दुसऱ्या अन्यायाचें नांव घेतो तें दोन्हीं उघडण्यासाठीं. जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ छापलें तें अमेरिकेंतल्या ज्या सज्जनांनीं काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसली त्यांना अर्पण केलें. अमेरिकेचें नांव त्यांनींही घेतलें, मेयोबाईला जबाब देणारांनींही घेतलें. जोतीरावांना तेथें आपल्या शूद्रातिशूद्रांसारखींच माणसें दिसलीं. ह्यांना तेथें प्रतिपक्षाचें व्यंग दिसलें. १९४६ सालीं डॉक्टर आंबेडकरांनीं अमेरिकेंतले काळ्यांचे पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहिलें. काळ्या लोकांनीं संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचें कानीं आलें होतें. अस्पृश्यांचा प्रश्नही तसाच मांडावा असें मनांत आहे, तरी त्या अर्जाच्या प्रती पाठवा, असें त्यांत होतें. जुलैच्या अखेरीस डु बॉइस यांचें सहानुभूतीचें उत्तर आलें. तुझें दुःख मोठें कीं माझें, हा वाद नाहीं; अर्जाची नक्कल पाठवा !

मायबापहो, येथें आतां थोडें आपल्या अंगावर घेतलें पाहिजे. ज्या १९२७ सालीं मेयोबाईला उत्तरें देण्याची धांदल चालली होती, त्याच सालच्या २० मार्च रोजीं महाडास अस्पृश्यांनीं चवदार तळ्याचें पाणी प्यालें. तळें नगरपालिकेनें १९२४ सालींच खुलें केलेलें. पण ठराव कागदावर. पाणी पिऊन मंडळी परत फिरली, तेव्हां देवळांत शिरणार अशी आवई उठवून त्यांना जेवत्या पानावरून उठवून मारलें. खेड्यापाड्यांच्या वाटेवर गांठूनही मारलें. ते मारणारे सगळेच पंचांग सांगणारे नव्हते. नांगर धरणाऱ्या हातांतही काठ्या होत्या. आणि पुढें गांवोगांव पाणवठ्याचा प्रश्न निघाला, तेव्हां आपल्या कित्येक घरांतून उत्तर काय मिळालें ? “आधीं भटाला विचारा. शास्त्र त्यानें लिहिलें, आम्हीं नव्हे.” शास्त्र त्यानें लिहिलें, हें खरें. पण विहिरीवरचा रहाट आपला होता, आणि दोर आपल्या हातांत होता. खऱ्या गोष्टीमागें लपतां येतें तसें खोट्यामागें लपतां येत नाहीं, हें आम्हीं मघां म्हटलें तें आपल्याच घरांत पाहून म्हटलें.

घरांतलेंच सांगायचें तर रोजचें आहे. कारभारीण विचारते, बाजाराच्या पैशांतले दोनशें कोठें गेले ? आणि कारभारी म्हणतो, तुझ्या भावानें नेलेले पांचशें आले काय परत ? (हंशा, बायांकडून टाळ्या.) हंसायला ठीक आहे; पण त्या रात्रीं पोराच्या वह्या आल्या नाहींत.

मग करावें काय ? पहिली गोष्ट, चिडूं नये, आणि त्याचा सवाल खोटाही म्हणूं नये. खरा असेल तर खरा म्हणावा. “होय दादा, तेंही वाईटच झालें. तें दुसऱ्या नंबरावर लिहून घेऊं. आतां पहिल्याचें बोला.” एवढें शांतपणें म्हटलें कीं पुष्कळांची हवा जाते, कारण त्यांना दुसऱ्याचें बोलायचेंच नसतें. तें सांगितलें जातें तें पहिलें बंद करण्यापुरतें. मागच्या मंडळानें तीन टन खाल्ले म्हणणारा गृहस्थ तीन वर्षें खुर्चींत होता. त्यानें त्या तीन टनांची चौकशी लावली होती काय? नव्हती. आमच्या मतें ह्याहून चांगली पारख नाहीं. दुसरा अन्याय त्याला एरवींही आठवतो, कीं आपण विचारलें म्हणजेच आठवतो, तें पाहावें. आणि आपल्या तोंडून ‘आणि त्यांचें काय’ असें निघूं लागलें, तर ओंठापाशीं थांबून तीच पारख आपल्याला लावावी. हें सर्वांत अवघड. आम्हांला अजून साधलेलें नाहीं.

त्या म्हाताऱ्याचें काय झालें, तें सांगून रजा घेतों. गेल्या भाद्रपदांत त्याच कारखान्याची सभा पुन्हां भरली. आम्ही मुद्दाम गेलों. म्हातारा पुन्हां उठला. ह्या खेपेला त्याच्याबरोबर पांच-सहा जण उठले, प्रत्येकाच्या हातांत दोन-दोन पावत्या. व्यासपीठावरून तेंच आलें: मागच्या मंडळाचे तीन टन, आणि पाचट. म्हातारा म्हणाला, “लिहा साहेब. त्यांचे तीन टन लिहा, माझें पाचट लिहा, आणि माझा दीड टनही लिहा. तिन्हींची चौकशी लावा. पहिली माझी, कारण मी आधीं उठलों.” कोणी टाळी वाजविली नाहीं. सेक्रेटरीनें चेअरमनच्या तोंडाकडे पाहिलें. मंडपांतून दोन-चार आवाज आले, “लिहा, लिहा.” मग प्रोसिडिंगांत तिन्हीं लिहिलीं गेलीं.

वजनमापें खात्याचा इन्स्पेक्टर येऊन कांटा तपासील, असें ठरलें आहे. तारीख अजून लागलेली नाहीं. तोंवर म्हातारा दर खेपेला ट्रॉली आधीं बाहेरच्या कांट्यावर घालतो, आणि पावती टोपीच्या डब्यांत ठेवतो. डबा अर्धा भरला आहे.